रात्री दोन वाजता कोण येणार?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या लिव्हिंग विल गाजतंय, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अटी सैल केल्या, आता मॅजिस्ट्रेटकडे खेपा नकोत, नोटरी चालते. साताऱ्याच्या मामांनी नमुना टाकला, त्यावर हात जोडलेल्यांची रांग लागली. मी इंग्लंडात, लेस्टरमध्ये बसून ते वाचते आणि मला काका आठवतात.

जबड्याचा कॅन्सर. मुंबईहून ‘आता घरी न्या’ म्हणून पाठवलेलं. गावचे डॉक्टर भला माणूस. बाइकवरून यायचे, डायक्लोफेनॅक हे नेहमीचं वेदनाशामक टोचायचे, जोडीला सलाइन. काकू म्हणायच्या, “डॉक्टर, याहून जालीम काही नाही का हो?” ते बॅग आवरायला लागायचे. मॉर्फिन, म्हणजे असह्य वेदनांवरचं अफूपासूनचं औषध, त्यांनी एमबीबीएसला वाचलेलं, लिहून कधी दिलेलं नाही.

इथे शेजारच्या आजी गेल्या, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात एक डबा होता. त्यात मॉर्फिन, तगमग शांत करणारं मिडॅझोलम, ओकारीचं आणि घशातल्या घरघरीचं औषध. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, गरज पडायच्या आधीच लिहून ठेवलेलं. रात्री दोनला फोन केला, नर्स आली, डबा उघडला, इंजेक्शन दिलं. जीपी काही या विषयातला स्पेशालिस्ट नाही, पण मरणाऱ्या माणसाची काळजी त्याच्या रोजच्या प्रशिक्षणातच येते.

इथलं सगळं आलबेल आहे असंही नाही. हॉस्पिसं, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्था, बरीचशी देणग्यांवर आणि जुन्या कपड्यांच्या दुकानांवर चालतात (माझा एक स्वेटर तिथलाच). आणि आजींच्या उशाशी शेवटी ती नर्स आणि मी, दोघीच होतो. काकांकडे अख्खी आळी जागी असायची.

म्हणजे आपल्याकडे माणसं आहेत, कमी पडतो तो प्रशिक्षित डॉक्टर. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने मॉर्फिन दुकानांतून हद्दपार झालं. २०१४च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली, पण मॉर्फिन ठेवणारी संस्था मान्यताप्राप्त हवी आणि तिथे या कामाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतोच. केरळने २००८ सालीच पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णाच्या वेदना हलक्या करण्याचं, धोरण आणलं आणि काम पार गावपातळीपर्यंत नेलं. लिव्हिंग विलमध्ये ‘व्हेंटिलेटर नको’ लिहिता येतं. व्हेंटिलेटर गावात होता कुठे? काकांना हवी होती मॉर्फिनची गोळी.

परवा गावच्या त्या डॉक्टरांना फोन केला. तिरुवनंतपुरमला पॅलियम इंडिया या संस्थेचा पॅलिएटिव्ह केअरचा सहा आठवड्यांचा कोर्स आहे, म्हटलं. ते म्हणाले, “जातो की ताई. पण दीड महिना माझा दवाखाना कोण बघणार?”