टाइमलॅप्स ट्रिगरच्या दोन स्टारवाल्या रिव्ह्यूवर आमचं उत्तर

नमस्कार साहेब. तुम्ही लिहिलंत की रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्याजवळ गच्चीवरून आमचा ट्रिगर, म्हणजे ठरलेल्या वेळाने कॅमेऱ्याचं बटण आपोआप दाबणारा बोर्ड, जोडून गेरचा (रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीचा) टाइमलॅप्स लावला, दर 20 सेकंदाला एक फोटो, आणि दीड तासात कॅमेऱ्याची फुल चार्ज बॅटरी बसली, वर फोन केला तर कोणी उचलला नाही, आणि "घरी इस्त्रीने छापलेला बोर्ड 850 ला विकतात, कॅमेरा जळायचा".

फोनचं आधी. त्या दिवशी दुकान बंद होतं, मी पण गेरमधेच होतो, मोबाईल पिशवीत गुंडाळून खिशात. सॉरी.

बॅटरीचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, चूक माझी. पण आमच्या बोर्डने तुमची बॅटरी ओढली असं नाही हं, तो त्याच्या स्वतःच्या बटण सेलवर चालतो. झालं असं की कॅननच्या रिमोटच्या त्या 2.5 एमएम पिनेत टोक म्हणजे शटर, मधली रिंग म्हणजे फोकस आणि मागचा भाग ग्राउंड, आणि पहिल्या लॉटच्या प्रोग्राममधे मी फोकसची लाइन दोन फोटोंच्या मधे सोडलीच नव्हती, म्हणजे कॅमेऱ्याला वाटतं कोणीतरी बटण अर्धं दाबून बसलंय, मग तो झोपतच नाही, मीटरिंग (उजेड मोजणं) चालू, लेन्सचं हलणं सावरणारं स्टॅबिलायझर चालू, बॅटरी जाणारच ना. मी टेबलावर पाच-दहा मिनिटंच टेस्ट करायचो, त्यात हे कळलंच नाही. दीड तासाचे 270 फोटो, म्हणजे 25 फ्रेमने जेमतेम अकरा सेकंदांचा व्हिडिओ, आणि गेर वर्षातून एकदा. राग येणारच.

पण कॅमेरा जळायचं म्हणाल तर ते नाही पटत. बोर्डवर दोन छोट्या चार पायांच्या काळ्या आयसी दिसतील, पीसी817, ते ऑप्टोकपलर. आत एका बाजूला एलईडी, समोर फोटोट्रान्झिस्टर, मधे तार नाहीच, फक्त उजेड. आपला करंट कॅमेऱ्यात जातच नाही, त्याचीच लाइन त्याच्याच ग्राउंडला टेकते, बोटाने बटण दाबल्यावर होतं तेच. आणि हो, बोर्ड घरीच बनतो, लेझर प्रिंट, इस्त्री, मग फेरिक क्लोराइडच्या टबात, बायको त्या टबाच्या पिवळ्या डागांवरून रोज बोलते. सोल्डरिंग दिसायला ओबडधोबड आहे, मान्य.

आता नवीन प्रोग्राममधे फोकस शटरच्या अर्धा सेकंद आधी लागतो आणि फोटो झाला की दोन्ही लाइनी सुटतात. प्रोग्रामची चिप सॉकेटमधे आहे, दोन मिनिटांत बदलून देतो, पैसे नाही. नकोच असेल तर बोर्ड ठेवून 850 परत घेऊन जा. आणि लेन्स मॅन्युअल फोकसवर ठेवत जा, गुलालाच्या धुरळ्यात फोकस लॉक झाला नाही की कॅमेरा फोटोच घेत नाही, ते ना माझ्या हातात ना बोर्डच्या.

रविवार सोडून कधीही या, संध्याकाळी पाचनंतर मी स्वतः असतो. कॅमेरा आणि तीच लेन्स घेऊन या, इथेच तासभर लावून बघू.