‘त्या मीटिंगा आपल्यासाठी नसतात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या गोव्यात फोंडा-डिचोलीकडे व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘दारू सोडवायच्या मीटिंगा चर्चच्या असतात, आपल्या लोकांनी जाऊ नये. तिथे नाव-गाव लिहून घेतात आणि सगळीकडे बोभाटा होतो. नुसतं बोलून दारू सुटत नाही. मनाचा निर्धार असेल तर माणूस एका दिवसात सोडतो, नसेल तर जेवणातून गुपचूप पावडर द्या.’ हे वाचून एक माणूस जरी मीटिंगला जायचा थांबला, तरी भोगावं लागतं त्याच्या घराला. म्हणून एकेका वाक्याला उत्तर देते.

आधी चर्चचं. या मीटिंगा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या; दारू सोडू पाहणारी माणसं तिथे एकमेकांना आधार देतात. त्यातल्या बऱ्याच चर्चच्या किंवा शाळेच्या आवारातल्या खोलीत भरतात, हे खरं आहे. संध्याकाळी तास-दीड तासापुरती परवडणारी जागा तिथे मिळते, एवढंच त्याचं कारण. मीटिंग पाद्री चालवत नाहीत, दारूतून बाहेर पडलेली माणसंच चालवतात. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोघे, दारूने पार खचलेले, एकमेकांच्या आधाराने सावरले, तिथून हे सुरू झालं. सुरुवातीची मंडळी ख्रिस्ती वळणाची होती, म्हणून एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूतून बाहेर पडण्याच्या टप्प्यांत, ईश्वराचा उल्लेख आहे आणि मीटिंगमध्ये छोटी प्रार्थनाही होते. ते लपवायचं कारण नाही. पण त्याच पायऱ्यांत ‘आम्हाला जसा उमगला तसा ईश्वर’ असंही आहे. मंगेशाला मानणारा मंगेशाला स्मरेल. देव न मानणारा समोर बसलेल्या माणसांचाच आधार धरेल. सभासद व्हायची अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही. पैसे गोळा होतात तेव्हा टाकावेसे वाटले तर टाकायचे.

नाव-गाव? हजेरीपट नसतो. पहिलं नाव सांगितलं की पुरे, तेही खरंच असलं पाहिजे असा आग्रह नाही. मात्र गोवा लहान आहे, कोण कुणाचा कोण हे लगेच कळतं, ही धास्ती खोटी नाही. त्यावर उपाय सोपा आहे: फोंड्याच्या माणसाने पणजीची किंवा मडगावची मीटिंग धरावी. शिवाय ओळखीचा कुणी तिथे भेटलाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो.

माझ्या भावाबरोबर मी म्हापशाला एका खुल्या मीटिंगला गेले होते. त्याचे हात थरथरत होते. चहा देणाऱ्याने बाकीच्यांचे पेले भरले, त्याला मात्र अर्धाच पेला दिला आणि काही न बोलता पुढे गेला. आम्ही घरी इतकी वर्षं त्याला चहा देत होतो, हे आम्हाला सुचलं नव्हतं. भाऊ त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. कुणी बोलायलाही लावलं नाही.

‘नुसतं बोलून काय होतं’ याला पुरावाच बघा. २०२० मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि बारा पायऱ्यांवर आधारलेले उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीस तोड, काही बाबतींत सरस ठरले. आणि आपल्या गोव्यातच, प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ‘संगत’ संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठकांत बोलून फरक पाडला. तो अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

मेसेजातलं सर्वांत धोक्याचं वाक्य ‘एका दिवसात सोडतो’ हे आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर काही तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन माणूस नाही ते बघायला-बडबडायला लागतो, आणि वेळेत उपचार न मिळाले तर जीवही जातो. इथे निर्धार कामाचा नाही, डॉक्टर लागतो. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, शेजारीच गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे. आधी तिथे दाखवा, मीटिंग त्याच्या जोडीने. मीटिंगमुळे औषध बंद करायचं नसतं.

पावडरीबद्दल स्पष्टच सांगते, देऊ नका. कित्येक पुड्यांत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. डायसल्फिराम हे दारू सोडवायचं खरं औषध आहे, पण ते घेऊन वर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचं दुखणं असलेल्याच्या ते जिवावर बेतू शकतं. म्हणूनच ते रुग्णाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच देतात.

आता मीटिंग शोधायची कशी? एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर किंवा हेल्पलाइनवर विचारा, आयपीएचबीत विचारा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत. जागा-वेळ बदलत राहते, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचारून घ्या: आज मीटिंग आहे ना, भाषा कोणती, आणि खुली की बंद. खुल्या मीटिंगला घरचेही बसू शकतात, बंद मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. एका समूहात मन रमलं नाही तर दुसरा बघा, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो. मराठीच हवी असेल तर महाराष्ट्रातल्या समूहांच्या ऑनलाइन मीटिंगा आहेत.

पिणारा यायला तयार नसेल तर बायकोने, आईने, भावंडांनी त्याची वाट बघत बसू नये. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा आधारगट आहे. तिथे जायला त्याची परवानगी लागत नाही.