डिकेटरला मी छोटा केला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

प्रतिक्रिया मिळाली. लांबलचक आहे, चिडून लिहिलेली आहे, पण एवढं वाचून मग चिडणारा वाचक कुठे मिळतो आजकाल, त्यामुळे उत्तरही तसंच लांब देतोय, चहा घेऊन बसा. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्टीफन डिकेटर हा अमेरिकन नौदलाच्या सुरुवातीच्या काळातला सगळ्यात गाजलेला कप्तान, जन्म 1779, मृत्यू 1820, आणि त्याच्या नावाची गावं जॉर्जिया, अलाबामा, इलिनॉय, इंडियाना, मिशिगन, मिसिसिपी, टेक्सस अशी सगळीकडे विखुरलेली आहेत. मी लिहिलं होतं की ही गावं त्या माणसाच्या आठवणीपेक्षा त्या काळातल्या घाईची खूण जास्त आहेत. तुम्हाला ते झोंबलं. तुमचं म्हणणं असं की घरी बसून मी एका शूर माणसाला खुजं केलं, इंग्रज नौसेनानी नेल्सनने केलेली स्तुती मुद्दाम गाळली, त्याचं प्रसिद्ध वाक्य अर्धंच दिलं, तुम्ही स्वतः अटलांटाजवळच्या डिकेटरला राहता आणि तिथे त्याच्या नावाचा अभिमान आहे, आणि वर हेही की आपले कान्होजी आंग्रे सोडून हा अमेरिकन कशाला काढलात.

आधी शौर्याचं बघू. शौर्य नाकारतंय कोण? तेव्हा अमेरिकेचं उत्तर आफ्रिकेतल्या ट्रिपोलीशी युद्ध चालू होतं. ऑक्टोबर 1803 मध्ये फिलाडेल्फिया हे अमेरिकेचं मोठं फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, ट्रिपोलीसमोर खडकावर रुतलं, कप्तान विल्यम बेनब्रिज आणि तीनशेच्या वर माणसं कैद झाली, आणि ट्रिपोलीवाल्यांनी ते जहाज सोडवून बंदरात स्वतःच्या किल्ल्याच्या तोफांखाली आणून उभं केलं. 16 फेब्रुवारी 1804 च्या रात्री डिकेटर एका पकडलेल्या गलबतातून तिथे घुसला. गलबताचं नाव इंट्रेपिड, आत सत्तरेक माणसं, बहुतेक लपून बसलेली. सुकाणूपाशी साल्वातोर कॅटालानो नावाचा सिसिलीचा वाटाड्या होता, त्याने तिकडच्या बोलीत ओरडून सांगितलं की वादळात आमचे नांगर गेले, रात्रभर तुमच्या जहाजाला बांधून घेऊ द्या. त्यांनी घेऊ दिलं! वीसेक मिनिटांत जहाज ताब्यात, आग लावली, आणि एकही माणूस न गमावता हे लोक बाहेर. डिकेटर तेव्हा 25 वर्षांचा, लेफ्टनंट, आणि याच कामगिरीवर त्याला थेट कप्तान केलं. हे सगळं मूळ लेखात होतं, तुम्ही कदाचित पुढच्या भागात आधीच रागावला होतात. मला विचाराल तर त्या रात्रीचं माझं आवडतं पात्र कॅटालानो आहे, कारण तोफ डागायला हिंमत लागते हे खरंच पण शत्रूच्या बंदरात शांतपणे थापा मारायला जी लागते ती वेगळीच. त्याला पुढे अमेरिकन नौदलात नोकरी मिळाली. गाव नाही मिळालं.

आणि एक गोष्ट लोक सोडून देतात, जहाज जळलं पण कैदी तिथेच राहिले. ते सुटले 1805 मध्ये, तहात, 60 हजार डॉलर मोजून. म्हणून पराक्रम फुकट गेला असं नाही, कारण तेच जहाज उद्या त्यांच्यावर उलटलं असतं. पण त्या रात्रीने युद्ध जिंकलं असं जे लिहिलं जातं ते जरा जास्तच होतं.

नेल्सनचं म्हणाल तर हो, मुद्दाम गाळलं. 'या युगातलं सर्वात धाडसी कृत्य' असं नेल्सन म्हणाला हे प्रत्येक चरित्रात येतं, प्रत्येक पाटीवर येतं, पण कुणाला म्हणाला, कुठे लिहिलं, त्याचं पत्र कुठे, हे कोणी दाखवत नाही. मी ती आख्यायिका म्हणूनच धरतो. ज्याच्या नावावर एवढी खरी कामं आहेत त्याला शिफारशीची गरज काय?

वाक्याचं मात्र तुमच्याशी बरंचसं जमतं. 1816 मध्ये नॉरफोकच्या मेजवानीत त्याने ग्लास उंचावून जे म्हटलं त्याचा पहिला भाग असा की परदेशांशी वागताना आपला देश सदैव योग्य बाजूला असो, आणि मग पुढे ते गाजलेलं, की बरोबर असो वा चूक, आपला देश. लोक पहिला भाग खाऊन टाकतात आणि माणूस एकदम आंधळा देशभक्त दिसायला लागतो. पण मी दुसरा भागच का दिला, कारण पुढे वापरला गेला तोच. 1872 मध्ये सिनेटर कार्ल शुर्झने सिनेटमध्ये त्याला उत्तर दिलं, की देश बरोबर असेल तर तसाच ठेवायचा आणि चुकत असेल तर सुधारायचा, ते उत्तर याच अर्ध्या वाक्याला होतं.

आता गावं. इथे मी एक इंचही मागे हटणार नाही, सॉरी.

डिकेटर वारला 22 मार्च 1820 ला. त्याच वेळी अमेरिकेत काय चाललं होतं बघा. अलाबामा तीनच महिन्यांपूर्वी राज्य झालेलं, जॉर्जियात मूळ रहिवाशांकडून जमिनी काढून घेऊन लॉटरीने वाटणं चालू, इलिनॉयमध्ये नव्या काउंट्या कापणं चालू, आणि प्रत्येक काउंटीला एक नाव पाहिजे, तिच्या मुख्य ठिकाणाला एक नाव पाहिजे (आपल्याकडे तालुक्याचं गाव असतं तसं), तेही लगेच. पेपरांत एका तरुण हिरोच्या अंत्ययात्रेची वर्णनं ताजी. मग काय होणार? अलाबामात टेनेसी नदीवर ऱ्होड्स फेरी नावाचा नुसता उतार होता, 1820 मध्येच राष्ट्राध्यक्ष मन्रोच्या हुकमाने तिथे डिकेटर ठरलं. तुमचं जॉर्जियाचं डिकेटर ज्या जमिनीवर आहे ती तिथल्या मूळ रहिवासी क्रीक लोकांनी 1821 च्या तहात सोडली, 1822 मध्ये डिकाल्ब काउंटी झाली, 1823 मध्ये गाव. इलिनॉयचं 1829 मध्ये. ज्यांची जमीन गेली त्यांना या नौदल हिरोशी काय देणंघेणं, आणि त्यालाही त्यांच्याशी. जहाजावर आयुष्य काढलेला माणूस, आणि इलिनॉयच्या डिकेटरपासून समुद्र हजारेक किलोमीटर!

एक अपवाद आहे आणि तोच माझं म्हणणं पक्कं करतो. वॉशिंग्टन राज्यात, अगदी खाऱ्या पाण्यात, डिकेटर नावाचं बेट आहे. ते नाव 1841 मध्ये विल्क्सच्या मोहिमेने दिलं, म्हणजे नौदलाच्याच लोकांनी. ज्यांना तो माहीत होता त्यांनी बेट दिलं, बाकीच्यांनी जे हाताशी होतं ते दिलं.

टेक्ससचं तर आणखी मजेदार आहे. त्या गावाचं नाव आधी टेलर्सव्हिल होतं, राष्ट्राध्यक्ष झालेल्या झॅकरी टेलरवरून, पण टेलर पडला व्हिग पक्षाचा आणि तिथले मोठे पुढारी ॲब्सलम बिशप पडले डेमोक्रॅट, त्यांना ते नाव खुपायचं, म्हणून 1858 मध्ये ते डिकेटर झालं. डिकेटरला जाऊन तेव्हा 38 वर्षं झाली होती! इथे त्याचा सन्मान झाला की टेलरचं नाव पुसायला एक बिनवादाचं नाव सापडलं, तुम्हीच सांगा. नामांतराचं राजकारण काय असतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि नेब्रास्काचं डिकेटर तर त्याचं नाहीच, ते तिथल्या सुरुवातीच्या एका रहिवाशाचं, ज्याचं नाव स्टीफन डिकेटरच होतं.

जॉर्जियात तर घोळच घोळ. डिकेटर शहर डिकाल्ब काउंटीत. डिकेटर काउंटी वेगळीच, पार दक्षिणेला फ्लोरिडाच्या हद्दीवर, आणि तिचं मुख्य ठिकाण कोणतं, तर बेनब्रिज! तेच ते, फिलाडेल्फिया खडकावर घालणारे. ज्या द्वंद्वयुद्धात डिकेटर गेला त्यात हेच बेनब्रिज त्याच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभे होते. जहाज घालवणारा आणि जाळणारा दोघेही नकाशावर एकमेकांना चिकटून बसलेत, आणि दोघांनीही ती जागा पाहिली नसणार.

तुमच्याकडे अभिमान आहे म्हणता, असेलच. पण कशाचा? तुमच्या भागात अर्ध्याअधिक लोकांच्या पत्त्यात डिकेटर येतं ते पोस्टामुळे, शहराच्या हद्दीत माणसं जेमतेम 25 हजार, आणि आपल्या देशी मंडळींना डिकेटर म्हणजे चर्च स्ट्रीटवरचा पटेल प्लाझा. तिथल्या जुन्या कोर्टासमोर 1908 पासून कॉन्फेडरेट (यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचा) स्तंभ होता, तो 2020 मध्ये काढला आणि 2024 मध्ये त्या जागी काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या जॉन लुईस यांचा पुतळा बसवला. त्या चौकात शंभर वर्षं भांडण झालं ते या सगळ्यावरून, ट्रिपोलीवरून नाही. अलाबामाच्या डिकेटरला 1933 मध्ये स्कॉट्सबरो खटल्याची (नऊ काळ्या मुलांवर बलात्काराचा खोटा आळ घेतला होता तो) फेरसुनावणी झाली, जज हॉर्टन यांनी ज्यूरीचा निकाल फिरवला आणि पुढची निवडणूक हरले. मिसिसिपीच्या डिकेटरमध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेले मेडगर एव्हर्स जन्मले. इलिनॉयच्या डिकेटरजवळ 1830 मध्ये लिंकनचं कुटुंब येऊन राहिलं, आणि सोयाबीन म्हटलं की आपल्याकडे लातूर तसं तिकडे ते, शिवाय शिकागो बेअर्स ही फुटबॉल टीम तिथल्या स्टेली कंपनीच्या कामगारांची टीम म्हणून सुरू झालेली. या गावांनी नाव उसनं घेतलं आणि त्यात स्वतःचा माल भरला. मला हे जास्त इंटरेस्टिंग वाटतं, यात त्याचा अपमान कुठे आला?

कान्होजींचं. त्यांच्यावर लिहायला हात शिवशिवतात, पण तुलना तुम्ही काढलीत तर पूर्ण करू. ट्रिपोलीवाल्यांना अमेरिकन पुस्तकं सरसकट चाचे म्हणतात, इंग्रज कान्होजींनाही तेच म्हणायचे, आणि ते तर मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख! ट्रिपोलीची जहाजंही पाशाच्या परवान्यानेच फिरायची. हा एवढा संशय मनात ठेवूनच मी बार्बरी युद्धांबद्दल (ट्रिपोलीसारख्या उत्तर आफ्रिकेतल्या राज्यांशी अमेरिकेने केलेली युद्धं) वाचतो, मराठी माणसाने तरी ठेवावा. आणि मुंबईचा धागा खरंच आहे. 1812 पासून अमेरिका आणि इंग्लंडचं युद्ध चालू होतं, त्यात जानेवारी 1815 मध्ये डिकेटर प्रेसिडेंट जहाज घेऊन न्यूयॉर्कहून निघाला तो हिंदी महासागरात इंग्रजांचा व्यापार मारायला. बंदराच्या तोंडावरच जहाज वाळूवर आपटलं, मग इंग्रजांनी गाठलं, शरण यावं लागलं. तह आधीच्याच महिन्यात झाला होता पण बातमी पोचली नव्हती. त्याच्या ताफ्यातली दोन जहाजं मात्र पुढे गेली. त्यातल्या हॉर्नेटच्या मागे जे कॉर्नवॉलिस लागलं ते मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं सागवानी जहाज, हॉर्नेटला पळताना तोफासुद्धा समुद्रात फेकाव्या लागल्या. दुसऱ्या पीकॉकने 30 जून 1815 ला सुंदा सामुद्रधुनीत ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीनचं, म्हणजे मुंबईच्या आरमाराचं, नॉटिलस फोडलं, समोरचा ओरडून सांगतोय तह झालाय तरी. त्या युद्धाची शेवटची आरमारी चकमक मुंबईच्या आरमाराशी झाली म्हणायची.

राहिलं द्वंद्वयुद्ध. मी त्याला 'टाळता येण्यासारखं मरण' म्हटलं, तुम्ही म्हणता त्या काळात इज्जत तशीच राखली जायची. अहो, इज्जत कुणाची? 1807 मध्ये अमेरिकन नौदलाच्याच जेम्स बॅरनने चेसापीक जहाज फारसं न लढता इंग्रजांपुढे झुकवलं म्हणून त्याला पाच वर्षं निलंबित केलं, त्या कोर्टात डिकेटर बसला होता, आणि पुढे बॅरनला परत घ्यायलाही त्याने विरोध केला. तिथपर्यंत ठीक, नोकरीतलं मत झालं. पण मग महिनोन्‌महिने पत्रं, टोमणे, आणि शेवटी ब्लेडन्सबर्गला आठ पावलांवरून पिस्तुलं. डिकेटरने ठरवून कमरेखाली मारलं, जीव घ्यायचा नव्हता म्हणून. तो स्वतः त्याच रात्री गेला, 41 व्या वर्षी, वॉशिंग्टनच्या लफायेट चौकात, पकडलेल्या शत्रूजहाजांबद्दल मिळालेल्या बक्षिसाच्या पैशांतून नुकत्याच बांधलेल्या घरात. बायको सुसान पुढे 40 वर्षं जगली, ते घर भाड्याने द्यावं लागलं, पैसा आटला, आणि फिलाडेल्फिया जाळल्याचा मोबदला मिळावा म्हणून ती काँग्रेसकडे अर्ज करत राहिली. गावांना नाव वाटून झालं होतं, तिच्या अर्जांना मात्र दाद मिळेना. हे लिहिलं तर मी हिरोला खुजं करतो?

आणि बॅरन वाचला, 1824 मध्ये परत कामावर घेतला गेला, नौदलातला सगळ्यात ज्येष्ठ अधिकारी होऊन 1851 मध्ये वारला. विस्कॉन्सिनमध्ये बॅरन नावाचं गाव आहे, पण ते एका जजच्या नावाचं, याचं नाही, तेव्हा तिकडून कधी गाडी नेलीत तर उगाच त्या गावावर राग काढू नका.