व्यक्ती : एक

काल रात्रीच परत आलोय आणि राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहून टाकतो.

पुरुषांनी एकट्यानं प्रवास करण्याचे फायदे सांगणारा एक व्हिडिओ ऑफिसातल्या एका पोरानं पाठवला होता. मन मोकळं होतं, निर्णय घेता येतात, स्वतःची स्वतःशी ओळख होते वगैरे. बायकोला दाखवला तर ती जरा जास्तच उत्साहानं म्हणाली, "जाच तू." सत्तेचाळिसाव्या वर्षी स्वतःला भेटायला मी कोल्हापूर निवडलं, कारण हिमालयात तांबडा रस्सा मिळत नाही.

ओळख पटवायची वेळ लॉजच्या काउंटरवरच आली.

"किती जण?"

"एकटाच."

मॅनेजरनं माझ्या मागं बघितलं. मग वाकून दाराबाहेर बघितलं. "फॅमिली रिक्षात हाय व्हय?"

"नाही हो. एकटाच आहे."

"एकट्याला रूम देत न्हाई आम्ही."

का, म्हणून विचारलं तर तो काही न बोलता छताच्या पंख्याकडं बघत राहिला. मला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. "अहो, मी मिसळ खायला आलोय!" मी जवळजवळ ओरडलोच.

त्यावर सोफ्यावरचा पेपर खाली आला. पेपरामागं एक काका होते. ते लॉजचे कुणीच नव्हते. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, पेपर आणि पंखा दोन्ही फुकट म्हणून रोज येऊन बसणारे. पण चौकशी त्यांनीच हातात घेतली.

"भांडून आलायसा?"

"नाही."

"कोर्टाचं काम?"

"नाही."

"पोरीला स्थळ बघायला?"

"मला मुलगा आहे. दहावीत."

"दहावीतलं पोरगं घरात टाकून मिसळ खायला?"

मी घाईघाईनं पवित्रा बदलला. "अंबाबाईच्या दर्शनाला आलोय."

"देवीला एकटं? आणि ओटी कोण भरणार?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. काकांनी चष्मा काढला. "तिकीट किती काढलंसा?"

"फुल."

डोळ्यांदेखत कुणाचं पाकीट मारलं जावं तसा चेहरा झाला त्यांचा. "सतरा मार्च दोन हजार तेवीसपास्नं बायकास्नी एसटीत निम्मं तिकीट हाय. वहिनींना आणलं असतंसा तर दीड तिकिटात दोघं. तुम्ही एकट्यानं एक घालवलंसा."

"मी एकच तर काढलं!"

"त्येच म्हणतोय न्हवं. आता फुकट जायचं तर पंच्याहत्तर पुरी करायला लागत्यात. तुमची किती राहिली?"

"अठ्ठावीस."

"मग तवा या की एकटं."

शेवटी तोडगा निघाला : घरी फोन लावायचा. मी लावला, मॅनेजरनं माझ्या हातून घेतला आणि चार मिनिटं मला विसरला. "हां ताई... व्हय ताई... न्हाई, तसं बरं दिसत्यात... घोरत्यात? मग कोपऱ्यातली देतो." फोन माझ्या हातात आला तेव्हा पलीकडून कट झालेला होता. रजिस्टरात त्यानं लिहिलं, 'व्यक्ती : एक', आणि पुढं बारीक अक्षरात, 'घरी विचारलंय'.

रूम अर्थातच डबल. दोन उशा, दोन टॉवेल, साबणाच्या दोन वड्या आणि भाडंही दोघांचं. एकट्यासाठी म्हणून या देशात काहीच बनत नाही. जेवायला गेलो तर सहा जणांच्या कुटुंबाच्या टेबलाला कोपऱ्यात चिकटवलं. पांढरा रस्सा यायच्या आत हात धुवायला उठलो. जागा अडवायला खुर्चीवर रुमाल टाकून गेलो होतो. परत आलो तर रुमालावर एक गृहस्थ बसलेले. "एकटंच हाय न्हवं, हिकडं या की," असं म्हणून वेटरनं मला बेसिनशेजारी नेलं. तिथं येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्या ताटावर हात झटकत होता.

बाई एकटी निघाली तर तिच्या वाट्याला काय येतं, ते मला ठाऊक आहे. रात्री अकराला रंकाळ्याच्या कठड्यावर मी खुशाल पाय हलवत बसू शकतो, ती बसू शकत नाही. त्या हिशेबात माझी तक्रार किरकोळच. पण चपलेतला खडा किरकोळ आहे म्हणून टोचायचा थांबत नाही, आणि दोघांचं भाडं मी रोख भरलंय.

संध्याकाळी खासबाग मैदानावर जायचं ठरवलं होतं. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१२ सालचं मैदान. रिकाम्या पायऱ्यांवर बसून अंतर्मुख वगैरे व्हायचं. काका सोफ्यावरून उठले. "खासबागेत एकटं? कुस्तीलाबी दोघं लागत्यात!" आणि आले बरोबर. पायऱ्यांवर मी अंतर्मुख व्हायच्या आधीच त्यांची गाडी पन्हाळ्याचा घाट चढायला लागली होती. ब्रेक फेल झालेला, ड्रायव्हर नवा, टपावर कोंबड्यांची खुराडी. तिथून गंगावेशीत दूध कट्ट्यावर, समोर पिळलेलं फेसाळ म्हशीचं दूध, दोन ग्लास. पैसे मी दिले. काकांनी खिशात हात घातला होता, पण त्यांना सुट्टे सापडेनात. कंडक्टरला!

सकाळी निघताना बिलावर कांदा-लसूण चटणी दोन किलो आणि कापशी चप्पल एक जोड लिहिलेली. "ताईंनी सांगितलंय," मॅनेजर म्हणाला. सहा नंबर. पिशवी त्यानंच रिक्षात ठेवली.

किणी टोलनाका यायच्या आतच फोन वाजला. मला वाटलं, बायको.

"सायेब, मी लॉजवरनं बोलतोय. बसलासा न्हवं नीट? ताई इचारत्यात."