चार अंश, पण कुठल्या शाफ्टचे? साखळी गावच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. कॅम टायमिंगवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिता: "तुमचा लेख वाचून माझ्या कार्ब्युरेटरवाल्या जुन्या मारुती एस्टीमला रीग्राइंड केलेला कॅमशाफ्ट घातला. तुम्ही सांगितलंत म्हणून पुली ४ खुणा पुढे सरकवली. आता केरीहून चोर्ला घाट चढताना इंजिन खडखडतं आणि वरच्या आरपीएमला दम नाही. मार्क जुळवले की झालं, हे डिग्री व्हीलचं खूळ कशाला?"

खडखडीचा दोष माझा आहे. "४ अंश ॲडव्हान्स" लिहिताना ते क्रँकचे (पिस्टन ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य शाफ्टचे) अंश, हे मी लिहिलंच नाही. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व उघडणारा शाफ्ट, क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. तुमच्या पुलीवरच्या खुणा कॅमच्या अंशांच्या असतील (काही पुल्यांवर क्रँकचे अंश कोरलेले असतात, तेवढं बघून घ्या), तर तुम्ही टायमिंग ४ नव्हे, ८ अंशांनी पुढे नेलंत.

त्याहून मोठी गोष्ट मी लिहायची विसरलो. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) कॅमवरूनच फिरतो. कॅम पुढे गेला की ठिणगीही तेवढीच आधी पडते. म्हणजे इग्निशनसुद्धा ८ अंश पुढे गेलं. तुम्ही ऐकताय ते नॉकिंग (मिश्रण नको तेव्हा पेटून होणारी खडखड) मुख्यतः त्याचं आहे. शिवाय इनटेक व्हॉल्व (मिश्रण आत घेणारा) लवकर मिटल्याने कमी आरपीएमला सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त कोंडलं जातं आणि दाब वाढतो. वर दम नाही त्याचं कारणही तेच. वेगात आत येणारी हवा पिस्टन वर निघाल्यावरही काही काळ आत शिरत राहते. व्हॉल्व आधीच मिटला तर ती बाहेरच राहते. पुली मागे घ्या, मग टायमिंग लाइट लावून डिस्ट्रिब्युटर कंपनीच्या आकड्यावर आणा. ते होईपर्यंत कृपा करून घाटात जाऊ नका, पिस्टनला मार बसतो.

पुलीवरच्या जुळवायच्या मार्कांच्या बाबतीत मात्र मला तुमचं पटत नाही. कंपनीचा मार्क कंपनीच्या कॅमसाठी, कंपनीच्या उंचीच्या हेडसाठी असतो. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचं हेड कधी ना कधी फेसिंग झालेलं, म्हणजे घासून सपाट केलेलं, असतं. हेड अर्धा मिलिमीटर उतरलं आणि पुलीचा व्यास १२ सेंटीमीटर धरला, तर क्रँकवर जवळजवळ १ अंशाचा फरक पडतो, आणि टायमिंग मागे जातं. त्यात रीग्राइंडची, म्हणजे कॅम घासून आकार बदलतानाची, चूक मिळवा.

डिग्री व्हीलने (क्रँकवर लावायच्या अंशांच्या तबकडीने) मोजणं अवघड नाही, फक्त वेळ लागतो. पिस्टन सगळ्यात वर आला की थोडा वेळ तिथेच थांबल्यासारखा वाटतो, त्यामुळे नुसत्या नजरेने टीडीसी (पिस्टनची सगळ्यात वरची नेमकी जागा) सापडत नाही. प्लगच्या भोकात स्टॉपर लावा, क्रँक हाताने दोन्ही बाजूंना टेकेपर्यंत फिरवा, दोन वाचनांचा मध्य म्हणजे टीडीसी. मग स्टॉपर काढा. इनटेकवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं यंत्र) लावून सर्वाधिक लिफ्ट, म्हणजे व्हॉल्वची उघड, शोधा, आणि लिफ्ट त्याहून १ मिलिमीटर कमी असतानाचे अलीकडचा व पलीकडचा अंश टीडीसीपासून टिपा. समजा ८२ आणि १३८ आले, तर मध्य ११०. कॅमसोबतच्या आकड्यांच्या कार्डावर १०६ असेल तर तुमचा कॅम ४ अंश मागे आहे. या वेळी क्रँक एकाच दिशेने फिरवा, नाहीतर बेल्टची ढील वाचनात शिरते.

बेल्ट लावताना एक दात चुकला तर काय होतं, तेही बघा. कॅमच्या पुलीला ४२ दात धरले तर एक दात म्हणजे क्रँकचे १७ अंश.

कॅम मुळातच केवढा घ्यावा यावर माझं मत ठाम आहे. आपले रस्ते फर्मागुडीच्या चढाचे, गावातल्या वळणांचे. इथे २००० ते ४००० आरपीएममधली ओढ कामाला येते. लांब ड्युरेशनचा (व्हॉल्व जास्त वेळ उघडा ठेवणारा) कॅम ती ओढ काढून घेतो. त्यात ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व एकदम उघडे राहण्याचा काळ) वाढला की आयडलला व्हॅक्यूम पडतो आणि ब्रेकच्या बूस्टरची मदत कमी होते. घाट उतरताना ते परवडणारं नाही.

मूळ लेखातलं वाक्य आज दुरुस्त केलं आहे. तुमचं वाचन आलं की इथेच लिहा, कार्डावरच्या आकड्यासकट. आणि पुली हलवल्यावर स्टार्टर मारण्याआधी पान्याने क्रँक पूर्ण दोन फेरे हळूहळू फिरवा. कुठे अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, व्हॉल्व पिस्टनला टेकला असण्याची शक्यता आहे.