मार्माइट खुशाल खा, पण गोळ्या बंद करू नका

माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, तिला पाचवा महिना चालू आहे. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, लोहाच्या गोळ्या थांबवल्यात. पोट बिघडतं. त्याऐवजी रोज चमचाभर मार्माइट खाते. तो मेसेज तुलाही आला असेल ना?"

आला होता, नातेवाइकांच्या ग्रुपवर तीनदा. मार्माइट म्हणजे टोस्टवर लावायचं यीस्टच्या अर्काचं काळं, खारट चाटण. मेसेज असा: एका इंग्रज डॉक्टरीणबाईंनी मुंबईच्या गिरणीतल्या बायकांचा ॲनिमिया मार्माइटने बरा केला, म्हणून गोळ्या नकोत. ते खाणाऱ्याला डास चावत नाहीत. डेन्मार्कने त्यावर बंदी घातली. आणि ते बैलाच्या हाडांचं बनतं. शेवटी 'सर्व गरोदर भगिनींना पाठवा'.

आधी गोळ्यांचं बोलते, कारण त्यात जीव जाऊ शकतो. गोष्ट अर्धी खरी आहे, हे मला कबूल करावंच लागेल. त्या डॉक्टरीणबाई म्हणजे ल्युसी विल्स, 1928 मध्ये मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांच्या एका गंभीर ॲनिमियावर त्यांनी संशोधन केलं, आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, बायका बऱ्या झाल्या. 1931 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी ते छापलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. मोठं काम आहे, मुंबईने अभिमान बाळगावा असं.

पण तो ॲनिमिया कुठला? त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होतात. लोह कमी पडलं की नेमकं उलटं होतं. मी वीस वर्षं लॅबमध्ये स्लाइडी पाहिल्या आहेत. लोह कमी असलं की पेशी बारीक दिसतात, मधला फिकट भाग वाढत जातो आणि शेवटी कडेला नुसतं लाल कडं उरतं. भाचीच्या रिपोर्टवर एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, 72 आहे, म्हणजे पेशी लहान. तिला लोह हवं आहे, आणि ती कमतरता चमचाभर मार्माइटने भरून निघत नाही. एका आजाराचं औषध दुसऱ्या आजाराला लावायचं आणि वर विल्सबाईंचं नाव पुढे करायचं, याचा मला संताप येतो. त्यांचं काम तर वेगळ्याच ॲनिमियावर होतं!

शिवाय शंभर ग्रॅम मार्माइटमध्ये दहा ग्रॅमहून जास्त मीठ असतं. चमचे भरभरून खायची ती वस्तू नव्हे.

डासांचं साफ खोटं. मार्माइटमधल्या ब जीवनसत्त्वाने डास दूर राहतात का, हे तपासून झालंय, राहत नाहीत. डेंग्यूच्या दिवसांत यावर भिस्त ठेवू नका. डेन्मार्कमध्ये वरून जीवनसत्त्वं घातलेले पदार्थ विकायला तेव्हा आधी मंजुरी लागायची. मार्माइटला ती घेतलेली नव्हती, 2011 मध्ये त्याचीच 'बंदी' झाली. आणि बैल? तो बोव्हरिल, गोमांसाच्या अर्काचा. बरणी तशीच गोलमटोल, म्हणून घोळ होतो. मार्माइट 1902 पासून बर्टन-अपॉन-ट्रेंटला बनतं, बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून. यीस्टमध्ये मीठ घातलं की पेशी आपल्याच रसाने विरघळतात. मग टरफलं गाळून अर्क आटवतात. दारूच्या कारखान्यातलं उरलेलं, हे खरं. ज्यांना ते चालत नसेल त्यांनी खाऊ नये.

भाचीला ते आवडतं, याचं मला नवल नाही. गेल्या वर्षी मी तिच्याकडे महिनाभर होते. गरम टोस्टवर लोणी विरघळू द्यायचं आणि सुरीच्या टोकावर येईल तेवढंच काळं मार्माइट फासायचं, इतकं पातळ की खालचा पाव दिसला पाहिजे. जाड लावलं की तोंड खारट-कडू होतं, आणि मग लोक आयुष्यभर नावं ठेवतात. नीट लावलं तर आमसुलासारखं जिभेवर रेंगाळतं. शंभर वर्षं ते घराघरांत टिकलंय ते या चवीवर.

मी तिला फोन ठेवू दिला नाही, आधी मिडवाइफला कळवायचं कबूल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी गोळी बदलून मिळाली, एक दिवसाआड घ्यायची. पोट ठीक आहे म्हणते. टोस्टही चालू आहे.