बी-२ ‘मुंबईच्या पोराने’ बनवलं आणि चीनला विकलं म्हणे

परत तो फॉरवर्ड फिरायला लागलाय. मुंबईत जन्मलेल्या नोशीर गोवाडिया या पारशी इंजिनिअरने अमेरिकेचं बी-२ बॉम्बर बनवलं, त्याच्या नॉझलमधून (इंजिनाचा गरम झोत बाहेर पडायचं तोंड) उष्णता बाहेर पडतच नाही म्हणून ते कोणाला दिसत नाही, मग त्याने अख्खं डिझाईन चीनला विकलं आणि चीनचं एच-२० बॉम्बर ही त्याचीच कॉपी. आता माणूस खरा, मुंबईतला जन्म खरा, खटला झाला तोही खरा, त्यामुळे पुढचं सगळं पण लोक न चावता गिळतात.

‘बनवलं’ पासून सुरू करू. गोवाडिया १९६८ ते १९८६ बी-२ बनवणाऱ्या नॉर्थ्रॉप कंपनीत होता आणि बी-२ वर त्याचं काम इंजिनाच्या एक्झॉस्टकडचं, म्हणजे गरम झोत बाहेर सोडायच्या भागाचं. महत्त्वाचं काम, प्रश्नच नाही, तो स्वतःही त्याचं भरपूर श्रेय घ्यायचा. पण शेपटी नसलेलं, नुसतं पंखांचं विमान कंपनीचा संस्थापक जॅक नॉर्थ्रॉप १९४० पासून उडवत होता, त्याचं जेटवालं वायबी-४९ १९४७ मध्ये उडलं, पंखांची रुंदी १७२ फूट, आणि बी-२ ची पण तेवढीच. रडार चुकवायचं गणित नॉर्थ्रॉपच्याच जॉन कॅशनच्या टीमकडे होतं. गोवाडियाने कंपनी सोडल्यावर तीन वर्षांनी, १७ जुलै १९८९ ला, बी-२ पहिल्यांदा उडलं. एका माणसाचं विमान असतं का कधी!

आता नॉझल, कारण खरी गंमत तिथेच आहे. चार एफ११८ जेट इंजिनं इंधन जाळणार आणि उष्णता बाहेर पडणार नाही, हे कुठल्या फिजिक्समध्ये बसतं? उष्णता पडते, सगळी पडते, फक्त कुठून आणि कशी पडते ते बदललंय. इंजिनं पंखाच्या पोटात पुरलेली, आफ्टरबर्नर (झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणारा भाग) नाहीच, एक्झॉस्टची तोंडं पंखाच्या वरच्या बाजूला आणि मागच्या कडेच्या बरीच आधी, म्हणजे खालून बघणाऱ्याला तापलेला धातू दिसतच नाही, मधे पंख येतो. त्यात झोत गोल न सोडता रुंद आणि चपटा सोडतात, आणि बाहेर पडायच्या आधीच त्यात थंड हवा मिसळतात. चहा कपापेक्षा बशीत लवकर निवतो ना, तेच तत्त्व. पण मागून वरच्या अंगाने बघितलं तर गोष्ट वेगळी, आणि गरम वायूतला कार्बन डायॉक्साइड आणि वाफ इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या सेन्सरला, चमकणारच. म्हणजे किती लांबून सापडेल ते अंतर कमी होतं, शून्य होत नाही. शिवाय रडारचा नॉझलशी संबंध थोडाच, तिथे आकार आणि कोटिंग हे मोठे खेळाडू. आणि हे सगळं फुकटात पण मिळत नाही बरं का, गरम झोत पंखाच्या ज्या पत्र्यावरून जातो त्या मागच्या भागाला तडे जायला लागले आणि हवाई दलाला ते दुरुस्त करत बसावं लागलं. फॉरवर्डमध्ये तडे कशाला येतील म्हणा.

‘अख्खं डिझाईन विकलं’? ऑगस्ट २०१० मध्ये होनोलुलूच्या कोर्टात ज्युरीने त्याला १७ पैकी १४ आरोपांत दोषी धरलं आणि जानेवारी २०११ मध्ये ३२ वर्षांची शिक्षा झाली. चीनसाठी त्याने जे केलं ते क्रूझ मिसाईलच्या नॉझलचं डिझाईन, इन्फ्रारेडवर कमी दिसेल असं. बॉम्बरचं नाही, मिसाईलचं! बदल्यात मिळाले किमान १,१०,००० डॉलर, आणि सरकारी पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे माउई बेटावरच्या आलिशान घराचं कर्ज फेडायला त्याला पैसे हवे होते. एकेका बी-२ वर विकासखर्चासकट २०० कोटी डॉलरच्या आसपास गेलेत, त्याचं अख्खं डिझाईन या भावात कोण विकतं? अर्थात गुन्हा छोटा होता असं अजिबात नाही, गुपित ते गुपितच.

एच-२० चं तर काय बोलायचं. नवं लांब पल्ल्याचं बॉम्बर बनवतोय असं चिनी हवाई दलप्रमुखांनी २०१६ मध्ये सांगितलं, पण फॉरवर्डसोबत जे फोटो येतात ती कोणीतरी कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं असतात. समजा उद्या ते बी-२ सारखंच दिसलं तरी त्यावरून चोरी सिद्ध होत नाही, रडार चुकवत लांब जायचं असेल तर गणित सगळ्यांना त्याच आकाराकडे नेतं.

आणि त्याला ‘भारतीय शास्त्रज्ञ’ म्हणणं पण नको. चीनच्या फेऱ्या सुरू झाल्या २००३ मध्ये, तेव्हा त्याला अमेरिकन नागरिक होऊन तीसेक वर्षं झाली होती.